भोईवाड्यात फार थंडी आहे

११ ऑगस्ट, सोमवार

इटालियनच्या क्लासमध्ये फजिती! तोंडी परीक्षेचा सराव होता. मनवा मॅडम म्हातारी इटालियन पेशंट झाल्या, मी नर्स. खोलीत यायचं, खिडकीचा पडदा सारायचा आणि बोलायला सुरुवात करायची. मी आत आले आणि पहिलाच प्रश्न — आ मांजातो? जेवलात का? दुसरा — पोट साफ झालं का?

वर्ग हसून लोळला. अकराजणी आहोत, सगळ्या नर्स. माझ्या जागी कुणीही असती तरी हेच विचारलं असतं. पण दुसऱ्याची फजिती म्हटली की हसू येतंच.

मॅडम म्हणाल्या, "अपेक्षा, तिकडे आधी हवामान. आज ऊन आहे, उद्या पाऊस सांगितलाय, धुकं पडलंय. दोन वाक्यं हवेची बोलायची, मग दुखण्याकडे वळायचं."

हवेचं काय बोलायचं माणसाने? आपण फार तर 'उकडतंय' म्हणतो आणि पेपरने वारा घेतो. समोरचाही 'हो ना' म्हणतो. संपलं.

परीक्षा नोव्हेंबरात. पास झाले तर मिलानच्या पुढे एका लहान गावात वृद्धाश्रमात नोकरी. नाही झाले तर आहेच — परळ, सातवा मजला, तोच वॉर्ड. अकरा वर्षं झाली. भिंतींचा रंग तीनदा बदलला तिथला, मी तीच.

१४ ऑगस्ट

सरावाला माणूस हवा. घरात बाबांशिवाय आहे कोण? त्यांना म्हटलं, तुम्ही इटालियन म्हातारे व्हा. लगेच खुर्ची खिडकीशी ओढून बसले. गिरणीच्या दिवसांत चाळीच्या गणपतीत नाटकं केलेली आहेत ना, स्त्रीपार्टसुद्धा!

"के तेम्पो फा ऑज्जी?" — आज हवा कशी आहे? एवढं एक वाक्य शिकवायला पाऊण तास गेला.

"टेम्पो? कसलो टेम्पो गो?"

"तेम्पो म्हणजे हवा, बाबा."

"मगे पाऊस म्हणजे काय, ट्रक?"

अडुसष्टाव्या वर्षी हा उत्साह. मी ड्युटी करून आलेली, पाठ मोडलेली, आणि हे स्वतःच्या विनोदावर मांडी थोपटतायत. उगाच खेकसले. नंतर वाईट वाटलं. आमच्याकडे सॉरी म्हणायची पद्धत नाही. चहात आलं जास्त घातलं.

१८ ऑगस्ट

वेधशाळेने मुसळधार सांगितला होता. शाळा बंद. दिवसभर टिपूस नाही!

मी मोठ्याने पाठ करत होते — सेकोंदो ले प्रेविझ्योनी, अंदाजानुसार, उद्या पाऊस पडेल. बाबा म्हणाले, "अंदाजानुसार! तेंका काय कळता? वेधशाळा पाऊस म्हणाली की छत्री खुंटयेक ठेवूची."

त्यांच्या लेखी अंदाज फक्त एकाचाच खरा, गावच्या देवाचा. आणि तिथेच माझं अडतं.

२० ऑगस्ट, बुधवार

आलाच तो विषय. ताटावर बसलो असताना, अगदी शांतपणे — "गणपतीक गावाक जातंय, तेव्हा देवाक कौल लावतंय. उजवो दिल्यान तर खुशाल जा. डावो पडलो तर इटलीचा नाव काढूचा नाय."

मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

गुरव देवाच्या पाषाणावर पाण्याने दोन बाजूंना पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पाकळी ओली असते, वारा असतो, जी आधी सुकेल ती पडेल — हे मी एकदाच म्हटलं होतं. बाबा आठ दिवस बोलले नव्हते.

दहा वर्षांपूर्वी हितेंद्रचं स्थळ. स्थळ कसलं, आम्हीच ठरवलेलं. डिलाईल रोडचा, आमच्याच हॉस्पिटलात लॅबमध्ये. आईला पसंत, बाबांना पसंत. तरी देवाला विचारायला गेले. गुरवाचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत डावी पाकळी पडली म्हणे. बाबा परत आले, चप्पल काढायच्या आधी म्हणाले — नाय. आई रडली, मी रडले, त्यांनी ऐकलं नाही. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. हितेंद्रला दोन मुलं आहेत, प्रभादेवीला राहतो. मी चौतिसाची. पाकळी जागेवर असती तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही. म्हणजे करते. रोज करते.

बाबांवर माझा राग आहे. कागदावर लिहायला काय हरकत? आहे.

२४ ऑगस्ट

बाबा एसटीने गेले. सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. बॅग मी खाली नेली. जाताना म्हणाले, "के तेम्पो फा?" मी म्हटलं, "नुव्होलोझो." ढगाळ.

२७ ऑगस्ट

चतुर्थी. वॉर्डात बेड नंबर नऊच्या नातेवाइकांनी मोदक दिला. उभ्याने खाल्ला.

३० ऑगस्ट

फोन नाही. आमचं घर देवळाच्या पायथ्याशीच, तिथे रेंज आहे. ऐंशी पायऱ्या चढून वर कौल लावायचा, तेवढ्यासाठी किती दिवस? डावा पडला असणार. म्हणूनच फोन नाही.

क्लासला गेले नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

उजवा!!

बाबा दारात आले, धापा टाकत, बॅग ठेवली आणि म्हणाले, "उजवो दिल्यान. जा तू." बस. वर एक शब्द नाही. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. पाणी वाया घालवलं म्हणून ओरडले नाहीत, एरवी ओरडतात.

बाहेर येऊन विचारलं, प्रसादाचा नारळ? म्हणाले, "थयच इसारलंय." बाबा आणि प्रसाद विसरतील! एसटीत बारा तास बसून पाय सुजले होते, चेहरा पार उतरलेला. म्हातारे झाले. मी झोपायला सांगितलं आणि स्वतः चाळीच्या गॅलरीत उभी राहिले. आज पहिल्यांदा वाटलं, की मी खरंच जाईन. आणि लगेच वाटलं — मग यांचं काय?

१५ सप्टेंबर

आता रोजचा नेम झालाय. सकाळी चहा झाला की बाबा खिडकीशी खुर्चीत, मी दारातून आत. बॉन्जोर्नो सिन्योर गणपत! के तेम्पो फा? मग मी सांगायचं. प्योवे — पाऊस पडतोय. फा काल्दो — उकडतंय. सेरेनो — आभाळ निरभ्र.

सेरेनो त्यांना फार आवडलं. म्हणाले, नातवाचं नाव ठेवण्यासारखं आहे. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

मोबाइलवर त्या गावाची हवा लावून ठेवलीय. बाबा चष्मा लावून बघतात. "आज थय अठरा. उद्या पाऊस." वेधशाळेवर विश्वास नाही, पण इटलीच्या वेधशाळेवर आहे!

२८ सप्टेंबर

दादरला जाऊन लोकरीचे मोजे आणले, चॉकलेटी, गुडघ्यापर्यंत. कानटोपी आणली. दुकानदार म्हणाला, ताई, शिमला? मी म्हटलं, हो.

घरी पिशवी ठेवून चहा टाकून येते तर बाबांनी मोजे चढवून ठेवलेले! वर कानटोपी. "इटलीचो म्हातारो असो उघड्या पायान बसात काय? मी वापरून मऊ करून देतंय तुका." आणि मग थरथर कापत, दात वाजवत — "फा फ्रेद्दो! फा फ्रेद्दो, सिन्योरीना!" थंडी वाजतेय!

किती दिवसांनी मी अशी हसले. पोट धरून.

९ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट. पंख्याखाली उभं राहिलं तरी घाम. आणि बाबा मोजे घालून! काढा म्हटलं तर, "फा फ्रेद्दो." शेजारच्या सुचित्रावहिनी दारातून बघून गेल्या, मला खुणेने विचारलं — डोकं ठीक आहे ना? मी म्हटलं, इटालियन आहेत ते. रात्रीसुद्धा काढत नाहीत. अंगात आलंय नाटक.

खरं सांगायचं तर मला बरं वाटतं. माझ्यासाठी कुणी एवढं केलेलं नाही. हेच करणारा माणूस तेव्हा चप्पल काढायच्या आधी 'नाय' म्हणाला होता, हे पटत नाही.

१७ ऑक्टोबर

बाबा जिन्यात थांबलेले दिसले. एकच मजला आमचा, पण अर्ध्यात उभं राहून नोटीसबोर्ड वाचत होते. नोटीस मार्चमधली, पाण्याच्या टाकीच्या सफाईची. म्हटलं, हे काय वाचताय? म्हणाले, "म्हायती ठेवक होयी."

विसरायला लागलेत का? ही दुसरी भीती. रात्री दोन उशा घेतात. "कापूस बसलो गो." नवीन उशी आणायला हवी. सुट्टी नाही, क्लास आहे, क्रियापदं पाठ होत नाहीत. छातीत जळजळतं म्हणाले, गॅसची गोळी दिली.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. माझी दुपारची पाळी. घरी आले तर बाबांनी एकच पणती लावलेली, उंबऱ्यात. पुढच्या वर्षी ही लावायला वाकता येईल का त्यांना? मी इथे नसेन. या एका गोष्टीवर मन गेलं की मग दुसरीकडे जात नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

परीक्षा झाली. समोर एक इटालियन बाई, पांढरे केस, गळ्यात साखळी. मी आत गेले, बसले. तिने खरंच तेच विचारलं — तुमच्याकडे हवा कशी आहे?

पाठ केलेलं सगळं उडालं. तोंडातून आलं ते असं — भोईवाड्यात फार थंडी आहे. माझे वडील दिवसभर लोकरीचे मोजे घालून बसतात. बाई चकित. मुंबईत, थंडी? मग मी सांगितलं सगळं, मोडकंतोडकं — खिडकी, खुर्ची, कानटोपी. ती हसली, मग तिने चष्मा काढून पुसला. म्हणाली, वडिलांना सांगा, उद्या ऊन पडेल.

बाहेर येऊन आठवलं, अंदाजानुसार म्हणायचं राहिलंच.

२८ नोव्हेंबर

पास.

१२ डिसेंबर

तिकीट अठरा जानेवारीचं. चाळीत सगळ्यांना कळलं. बाबा गॅलरीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगतात. वॉर्डात सिस्टर म्हणाल्या, "सुटलीस गं बाई." सुटले का?

गावाहून धोंडूकाका येऊन राहणार आहेत, बाबांचे चुलतभाऊ. बायको गेली, मुलं वेगळी, तेही एकटेच. दोन म्हातारे एकमेकांना बघतील. बाबांनीच ठरवलं, मला न विचारता. मी मनात म्हटलं, बरं झालं. आणि बरं झालं असं वाटल्याची लाज वाटली.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "तू गेलंस की मी कोणाक इचारू, के तेम्पो फा?" मी म्हटलं, फोन करेन रोज. म्हणाले, "फोनार हवा दिसना नाय."

मी उठून कुकर लावला. 

१ जानेवारी

थोडा गारवा. बाबा म्हणाले, बघ, आता तरी खरी फ्रेद्दो. आवाज खोल गेलाय. सर्दी असेल.

९ जानेवारी, शुक्रवार

धोंडूकाका आले. एक पिशवी कोकमं, एक पिशवी उकडे तांदूळ, आणि बोलायचा कंटाळा नाही. बाबा खाली दाढी करायला गेलेले. मी चहा दिला आणि म्हटलं, काका, देवाने उजवा दिला म्हणून मी चाललेय, नाहीतर बाबांनी सोडलं नसतं.

काकांनी बशी खाली ठेवली.

"उजवो? खयचो उजवो गो? गणपत वर इलोच नाय. खालच्या पायरेर बसलो तासभर. मी म्हटलंय, तुझ्या नावान मी लावतंय कौल. तर माका म्हणालो — नको. इचारू नको."

मग त्यांना कळलं की आपण बोलायला नको होतं. बशीतला चहा तसाच निवून गेला.

१० जानेवारी

काल विचारलं नाही. रात्रभर तळमळले. आज सकाळी काका दूध आणायला गेले तेव्हा विचारलं. बाबा खिडकीशी, कानटोपीत.

"कौल लावलाच नव्हता ना?"

त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "त्या टायमाक इचारलंय. देवान सांगल्यान, मी आयकलंय. तेच्यापासून धा वर्सा तुका रोज डबो भरून कामार जाताना बघतंय. परत इचारलंय आणि परत डावो पडलो तर? म्हणान इचारूकच नाय."

"आणि देव कोपला तर?"

"कोपांदे. माझ्यार कोपात. तू जा."

मी त्यांच्या पायाशी बसले, गुडघ्यावर डोकं ठेवलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच. देवाला विचारल्याशिवाय कुंपणाचा दगड न हलवणारा माझा बाप! माझ्यासाठी देवाच्या पायरीवरून उठून आला. दहा वर्षांचा राग होता. आज शोधला तर सापडला नाही. हितेंद्रसुद्धा दूरचा वाटला, कुणा दुसऱ्याच मुलीचा.

आता जायला काही अडचण नाही. पाकळीने नाही, माझ्या बापाने पाठवलंय मला. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. अर्धी बॅग भरली.

११ जानेवारी, रविवार

मोजे भरायचे राहिले होते. बाबांना खुर्चीतच डोळा लागलेला, कोवळं ऊन पायांवर. मऊ झाले असतील एव्हाना, म्हणून हळूच एक मोजा उतरवला.

पिंढरीला मोज्याच्या वरच्या कडेची खाच, बोट बसेल एवढी खोल. खाली पाय तट्ट. कातडी चकचकीत. अंगठ्याने नडगी दाबली. वॉर्डात नवीन आलेल्या मुलींना हेच मी सगळ्यात आधी शिकवते — दाबा, सोडा, मोजा. तीस मोजले. खड्डा तसाच.

दोन उशा. नोटीसबोर्ड. गॅसची गोळी! हृदय दमलंय त्यांचं. अकरा वर्षं दुसऱ्यांचे पाय दाबून बघतेय मी, आणि घरात साडेतीन महिने लोकरीच्या मोज्यांना हसतेय.

देवाला विचारायचं नव्हतं, हे खरं असेल. पण ऐंशी पायऱ्या ते चढूच शकले नसते.

गॅलरीत जाऊन एजन्सीला फोन केला, अठराचं तिकीट रद्द करा म्हणून. मग माझ्या हॉस्पिटलात फोन केला, बेड ठेवा, तासाभरात घेऊन येते. परत आले. मोजा होता तसा चढवला. तेवढ्यात ते जागे झाले, मी समोर बघून हसले.

"के तेम्पो फा, सिन्योरीना?"

"सेरेनो," मी म्हटलं, आणि त्यांचा शर्ट इस्त्रीला काढला.